जाहिरातीला न जुमानणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती एका पाटीमुळे. मी नौपाड्यात नुकतीच राहायला आले होते. कोपऱ्यावरच्या लहानशा दुकानाबाहेर खडूने लिहिलं होतं, 'आजचं बिरडं किंचित खारट झालं आहे. विचारून घ्यावे.' माझी उमेदीची वर्षं जाहिरात कंपनीत गेलेली. मला पुढे जाववेना. आत शिरून विचारलं, "काकू, हे असं बाहेर कशाला लिहिलंत?"

"झालंय म्हणून," त्या म्हणाल्या. "देऊ का थोडं? भाताबरोबर चालून जाईल."

चालून गेलं. त्यानंतर त्यांच्या दुकानाची प्रसिद्धी मी आपण होऊन अंगावर घेतली. आज ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या सचोटीबद्दल सगळेच लिहितील. त्या सचोटीने जवळच्या माणसाचा किती जीव जातो, हेही कोणीतरी नोंदवायला हवं.

यजमानांचा कारखाना बंद पडला तेव्हा ताईंनी घरातच वाल भिजवून, मोड आणून, सोलून विकायला सुरुवात केली. पुढे तयार बिरडं आलं, अळूवडी आली, दुकान आलं. दोन मदतनीस बायकांची घरंही त्यावर चालू लागली. प्रसिद्धीसाठी वेगळा खर्च करण्याची ऐपत मात्र कधीच नव्हती. जे फुकटात किंवा जवळजवळ फुकटात होईल, तेवढंच माझ्या हाती.

म्हणून मी वर्तमानपत्रांत घालायला पत्रकं काढली. मजकूर माझा, कागद सर्वांत स्वस्त. छापून आली आणि मी कपाळावर हात मारला. मागच्या बाजूला ताईंनी बिरड्याची संपूर्ण कृती छापून घेतली होती, अगदी वाल कसे भिजवावेत इथपासून.

"अहो ताई, लोक घरीच करतील ना!"

"करू देत की. कागदाची एक बाजू उगीच कोरी राहत होती."

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज दुपारी ताईंकडून मऊभात आणि मुगाचं कढण यायचं. न सांगता, न विचारता. एकदा मी डब्याचा फोटो काढून दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकायला निघाले. ताईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "आजारी माणसाचा डबा चारचौघांना दाखवू नये." विषय संपला. त्या पानावर आजही फोटोंपेक्षा सुट्टीच्या सूचनाच जास्त आहेत.

मग गल्ली खणली गेली. दुकानासमोर गटाराच्या कामाचा भलामोठा चर, त्यावर एक डुगडुगती फळी. गिऱ्हाईक फिरकेना. मदतनीस बायका दुपारभर नुसत्या बसून. एका संध्याकाळी शटर ओढताना ताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर या दोघींना दुसरीकडे लावून देऊ." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेलेला ऐकला.

मी हट्टाला पेटले. खाण्याच्या ठिकाणांचे व्हिडिओ करणारा एक तरुण ओळखीतून गाठला. त्याचे हजारो चाहते. आमच्यासाठी फुकट यायला तयार झाला. बिरडं चाखून त्याने कॅमेरा ताईंकडे वळवला. "काकू, बोला ना, ठाण्यातलं एक नंबर बिरडं कुठलं?"

मी मागून खुणा करत होते. ताई शांतपणे म्हणाल्या, "एक नंबर आमच्या मोठ्या जाऊबाईंचं. शहाडला असतात, स्टेशनजवळच. मी त्यांच्याकडेच शिकले." आणि वर इमारतीचं नावही सांगून टाकलं!

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी उषाताई, म्हणजे त्याच जाऊबाई, रिक्षातून उतरून फळीवरून तरातरा दुकानात आल्या.

"शैला, तुला काही अक्कल? माझ्या दारात लोक उभे आहेत! डबे घेऊन!"

"मग दिलंत की नाही?"

"देणार काय, कपाळ? घरात वाल तरी होते का?"

ताईंनी सोललेल्या वालांचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. उषाताई आणखी थोडा वेळ बोलल्या. मग पातेलं उचलून त्याच रिक्षाने परत गेल्या.

त्या गेल्यावर माझा तोल सुटला. "ताई, दुकान बंद पडायची वेळ आली आणि तुम्ही दुसऱ्याची जाहिरात केलीत?"

"अगं, आमचे मोठे दीर गेल्यापासून त्यांनी ओट्याला हात लावला नव्हता. चहा-बिस्किटांवर दिवस काढायच्या. मी सांगून सांगून थकले. म्हटलं, दारात आलेल्या परक्या माणसाला तरी त्या उपाशी पाठवणार नाहीत."

त्या महिन्यांत वाल नौपाड्यात सोलले जात आणि बिरडं शहाडला शिजे. कल्याण, टिटवाळ्यापर्यंतची मंडळी तिथून विकत नेऊ लागली. चर बुजेपर्यंत दुकान त्यावरच तगलं. मदतनीस दोघी आजही कामावर आहेत. उषाताईंचे गालही जरा भरलेत. यातलं काहीही माझ्या नियोजनात नव्हतं, आणि ही गोष्ट जाहिरातीत वापरायला ताईंची आजतागायत परवानगी नाही. या अंकासाठी ती मी न विचारताच लिहिली आहे.

शैलजाताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे ठणठणीत राहोत, नजर शाबूत राहो आणि हाताची चव अशीच टिको. पंच्याहत्तरीच्या अंकातही मला त्यांच्याबद्दल याच तक्रारी, याच त्राग्याने लिहायला मिळोत.