चढावरचा नमस्कार

आमच्या पिकअपचे चढावर दात वाजायचे. सपाट रस्त्यावर गुमान. पण मागे द्राक्षांचे क्रेट असले आणि उड्डाणपूल आला, की इंजिनातून कटकट सुरू, कुणी डब्यात चिंचोके हलवावेत तशी. दिंडोरीच्या मळ्यापासून पिंपळगावच्या पॅकहाऊसपर्यंत मी ते संगीत ऐकत जायचे. ऐन हंगाम, डोळ्यांवर सतत झोप, अंगात त्राण नाही.

महामार्गावरचा मेकॅनिक म्हणाला, "नॉकिंग आहे. इंजिन उघडावं लागेल."

इंजिन उघडलं की गाडी त्याच्याकडे पडून आणि द्राक्षं वेलीवर पडून. त्या दिवसांत भाड्याचा टेम्पो मिळत नाही. आमच्या ह्यांनी डोकंच धरलं. मी मेकॅनिकला म्हटलं, "आधी चालवून तरी बघा."

त्याने भरलेली गाडी पुलावर घातली, मी शेजारी. इंजिन कसं, साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तसं!

"वहिनी, आवाज तुमच्या कानात आहे."

"मग कान उघडा. इंजिन कशाला?"

त्याला गॅरेजवर सोडलं, हे चालवायला बसले. पुढचा पूल आला आणि कटकट हजर. वैतागून मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले. चढ दिसला की हे डाव्या हाताने डॅशबोर्डावरच्या गणपतीला शिवतात, हात छातीला लावतात. त्याच झटक्यात अंगठा खालचं बटण दाबतो: गॅस बंद, पेट्रोल सुरू; गाडी दोन्हींवर चालते. गॅसवर गाडी चढ ओढत नाही, ही ह्यांची जुनी समजूत. हात इतका सरावलेला, की ह्यांनाही पत्ता नाही. मेकॅनिकने नमस्कारच केला नव्हता!

मी बटण पुन्हा गॅसवर केलं. "अहो, पुढच्या चढाला नमस्कार करू नका."

"भरल्या गाडीने? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मी करते. तुम्ही स्टिअरिंग धरा."

मी आरतीच्या थाटात हात जोडले. गाडी रडतखडत चढली, पण अवाक्षर न काढता.

परतताना मेकॅनिकला सांगितलं. गॅसकिट बसवणाऱ्याने इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग गॅससाठी पुढे घेतलेलं, ते पेट्रोलला मानवत नव्हतं. मेकॅनिकने ते जरासं मागे घेतलं. इंजिन उघडलंच नाही.

"भाऊ, गणपती नेमका बटणावरच बसवला काय?" तो म्हणाला. हे हसले नाहीत.

चढावरचा नमस्कार आता माझ्याकडे आहे. दुसऱ्याच दिवशी मी तो चुकवला. पूल कधी आला, कधी गेला, कळलंच नाही. पिंपळगावला ह्यांनी हलवून उठवलं.