दारावरची फुली

शिरूर कासारच्या पुढच्या एका वस्तीवर मी रोजगाराची आकडेवारी गोळा करायला गेलो, तेव्हा तिथे माणसांपेक्षा कुलपं जास्त होती. दिवाळी होऊन पंधरवडा उलटलेला. सगळे ऊसतोडीला गेलेले. बीडमध्ये वाढलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. मला होतंही. पण गळ्यात ओळखपत्र अडकवलं की माझं डोकं घरीच राहतं.

बंद घराची नोंद करून पुढचं घर घ्यायचं, असा नियम. घोळ नको म्हणून मी स्वतःची पद्धत काढली: बंद दारावर खडूने फुली. एका आळीत अकरा फुल्या झाल्या. लांबून बघून स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी एकही फुली नव्हती. पोरांचा चावटपणा समजून मी पुन्हा मारल्या. पोरंही आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलीत, हे कळायला मला आणखी एक दिवस लागला. तिसऱ्या सकाळी चोर सापडला. साठीची बाई, हातात ओलं फडकं, कमरेला आळीभरच्या किल्ल्यांचा जुडगा.

"मावशी, सरकारी काम आहे हे."

"मग सरकारच्या दारावर कर की. आमच्या दाराला फुली कावून? माझी सासू सांगायची, पलेगात अशाच फुल्या मारल्या व्हत्या. त्या घरची मान्सं माघारी आली न्हाईत."

मी हसलो. तिला शिकवायला बसलो. म्हटलं, फुली म्हणजे नुसतं कुलूप. शिवाय ही हंगामाची ये-जा वरचे लोक आकड्यातून काढून टाकतात, मग खरी तब्येत कळते.

"कुनाची तब्येत?"

"अर्थव्यवस्थेची."

"आन् हंगाम काढल्यावर आमचं काय ऱ्हातंय?"

मी वही चाळू लागलो.

"लेकरा," ती म्हणाली, "शिकलास का नुसताच शाळेत गेलतास?"

मला कुणी शिकवलं की मी हट्टाला पेटतो. ती गोठ्याकडे वळल्याबरोबर मी खिशातला न पुसणाऱ्या शाईचा मार्कर काढला, शेवटच्या दारावर हातभर फुली मारली आणि गाडीला किक मारून पळालो. ते दार तिच्या धाकट्या लेकाचं होतं, हे मला माहीत नव्हतं. असतं तर शेजारचं निवडलं असतं. माझा चांगुलपणा तेवढाच.

उन्हाळ्यात पुढच्या फेरीला गेलो. त्या सकाळीच मोबाईलवर वाचलं होतं, हंगामी चढउतार वगळता रोजगार स्थिर आहे. त्या अकरापैकी दहा दारं उघडी होती. अंगणात वाळवणं, पोरांचा गोंधळ. अकरावं बंद. कुणी म्हणालं, कारखाना बंद झाल्यावर नवराबायको तिकडूनच कर्नाटकात वीटभट्टीवर गेली. कुणी म्हणालं, काय की. फोन लागत नव्हता.

मावशी त्याच उंबऱ्यावर बसलेली, पाठीमागे माझी फुली. मी शिव्यांची वाट पाहिली. तिने रिकामी बाटली आणि फडकं पुढे केलं.

"गाडीतलं पेट्रोल काढ. घास."

घासलं. शाई गेली, पण तिच्याखालचा निळा रंगही गेला. पत्र्यावर आता पांढरी फुली होती, आधीपेक्षा ठळक. हाताची कातडी जळजळत होती आणि मानेवर कुणाची तरी नजर आहे असं वाटत होतं. मागे वळलो तर आळीतलं कुणीच बघत नव्हतं.

"आता लिव," ती म्हणाली. "घरात दोघं."

सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला माणूस घरात धरायचा नसतो. त्यांना सात होत आले होते.

"मावशी, किती दिवस—"

"दिस इचारू नको. दोघं लिव."

मी दोघं लिहिलं. पुढचा प्रश्न होता, गेल्या सात दिवसांत काय काम केलं. तो विचारायला मान वर केली. तिने माझ्या हातातलं फडकं कधीच घेतलं होतं, आणि ती पांढऱ्या फुलीवरून ते फिरवत होती.