शोभाबाईंचा आकडा

भेस्तानच्या वस्तीत रंजनाला सगळे ‘रक्तवाली ताई’ म्हणतात. वडील अमळनेरहून येऊन कापडाच्या लूमवर उभे राहिले. मुलगी प्रयोगशाळेचे शिक्षण घेऊन स्कूटरला यंत्राची पेटी बांधू लागली आणि कामरेजच्या भेंडीच्या शेतांत पोहोचली. बोटातल्या एका थेंबावरून ती रक्तातल्या एका विकराची क्रियाशीलता मोजते. कीटकनाशक अंगात भिनले की हे विकर मंदावते. माणसाला घेरी येण्याआधीच आकडा उतरतो. म्हणून फवारणीच्या हंगामापूर्वी ती प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवते. पुढची तुलना ज्याची त्याच्याशीच.

त्या सकाळी आठही फवारणीवाल्यांचे आकडे निम्म्यावर आले. एवढी घसरण झालेल्याने पंप उचलायचा नाही, असा नियम.

“आठही जण घरी?” मुकादम छगन उसळला. “मग फवारणी काय तुझी पेटी करणार? ताई, तुझं मशीनच आजारी आहे.”

“माले काही नही जयं!” म्हणत त्या आठांतला उखा पंप पाठीवर घेऊन पळूनच दाखवायला निघाला.

नियम रंजनाच्या बाजूने होता. पण नववा आकडा तिला खटकला. तो शोभाबाईंचा. त्या टोळीचा स्वयंपाक करतात, पंपाला कधी शिवत नाहीत, “सगळ्यांचं काढतेस, माझंच का नको?” म्हणून हट्टाने यादीत बसल्या होत्या. त्यांचाही आकडा निम्मा.

“मावशी, हात कुठे धुतलेत?”

“त्या निळ्या पिंपात. तू येणार म्हणून मीच सगळ्यांना चोळून चोळून धुवायला लावले.”

त्याच पिंपात औषध कालवले जात असे. पाहुणीच्या मानासाठी धुतलेल्या बोटांवर विषाचा पातळ थर बसला होता आणि तोच रक्ताच्या थेंबात उतरला होता. हात आपल्यासमोर धुवून घ्यायचे, हे रंजनाला ठाऊक होते. ओले हात पाहून तिने मान डोलावली होती. चुकीच्या आकड्यावर माणसे घरी बसवली असती, तर पुढच्या खऱ्या आकड्याला कोणी विचारले नसते.

“छगनदादा, मशीन बरं आहे. चूक माझी.” सगळ्यांदेखत तिने नऊही आकडे खोडले. “अर्धा तास द्या. आणि त्या पिंपात पुन्हा कुणी हात घालायचा नाही.”

तिच्या कॅनमधले पाणी, साबण, मग स्पिरिट. बोट कोरडे होईपर्यंत वाट. शोभाबाईंचा आकडा जागेवर आला. सात मजुरांचेही आले. उखाचा आला नाही. दुसऱ्या हाताचे बोट घेतले, तरी तेवढाच.

“पंप गळतो का रे?”

उखा हसला नाही. “पाठ ओली राहते. आठवडा झाला.”

छगनने पंप त्याच्या खांद्यावरून स्वतः उतरवला. “नऊही खोडलेस, तरी याचा खालीच राहिला. म्हणजे खरा आहे. उखा, दवाखान्यात जा. आकडा चढेपर्यंत पाण्याच्या मोटारीवर बसायचं. पंपाजवळ दिसलास तर बघ.”

“मोटारीवर म्हातारे बसतात!”

“मग हो म्हातारा,” शोभाबाई म्हणाल्या. “तेवढं जगशील तरी.”

उखाने पाठ धुतली, सदरा बदलला आणि स्कूटरवर मागे बसून पेटी मांडीवर घेतली.

“ताई, बिनघोर चालव. हात धुतलेत. तुझ्यासमोर.”