थोरल्याची अर्धी दाढी

...तर काल गोष्ट अर्ध्या दाढीवर थांबली होती. खुर्चीत थोरला, म्हणजे गिरणीवालीचा मोठा मुलगा. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर फेस. आणि सलूनवाल्या काकांनी वस्तरा मिटून चक्क खिशात घातला!

थोरल्याच्या धाकट्या भावाचा हात मागल्या गल्लीतल्या पैलवानानं मोडला होता. थोरला लोखंडी गज घेऊन निघाला, तेव्हा काकांनीच हाक मारली होती, "अरे, पोलीस फोटो काढतील, निदान दाढी तरी करून जा!" गज आता कोपऱ्यात छत्र्यांशेजारी उभा होता.

गेल्या साली अशाच मारामारीत एका पोराचा डोळा गेला. तेव्हापासून सगळ्या दुकानदारांचं ठरलेलं, तापलेलं पोर दिसलं की उपदेश करायचा नाही, अडकवून ठेवायचं. शिंपी मापंच घेत बसे. सायकलवाला चाकातली हवा सोडे. काकांकडे हे अर्ध्या दाढीचं खातं.

"काका, पुरं करा ना!"

"करतो की. पैलवानाला येऊ दे. सायकलवाला गेलाय आणायला."

थोरला ताडकन उठला. आरशात स्वतःला बघितलं आणि निमूट खाली बसला.

पैलवान आला आणि ते ध्यान बघून फिस्सकन हसला. काकांनी त्याला शेजारच्या खुर्चीत दाबलं, तोंडभर फेस फासला. हसू बंद! मग माळ्यावरून लहान मुलांना बसवायची फळी काढली.

"पहिले केस कापताना दोघंही हिच्यावर बसून बोंबललात. पैलवान जास्त."

"मी नाही, हा!"

"हट्! तूच!"

पैलवानानं ओठांवरचा फेस पुसला.

"हात कसाय त्याचा?"

"प्लास्टरमध्ये. सायकल धरता येत नाही, शाळा बुडतेय."

"मी नेईन डबलसीट. रोज."

थोरला आरशातूनच त्याच्याकडे बघत राहिला.

"पाडलास त्याला, तर बघ."

काकांच्या खिशातून वस्तरा बाहेर आला.

संध्याकाळी काकू कडाडल्या, "मोठे आलेत शहाणे! आणि तो तसाच, अर्ध्या दाढीनं पळाला असता तर?"

काका टॉवेल झटकत म्हणाले, "मग मीही पळालो असतो, वाटी-ब्रश घेऊन, त्याच्या मागं मागं. गिऱ्हाईक अर्धं सोडायची सवय नाही आपल्याला."