स्थळप्रतीवर सहावी

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि न फोडताच मला कळलं, तुपे गुरुजी गेले. आमच्या आबांना लिहिता येत नाही. वडलांची पत्रं मला नेहमी गुरुजींच्या हातची यायची, शिरोरेषा आधी ओढून मग तिला अक्षरं टांगल्यासारखी. मधले सहा महिने गुरुजी तुरुंगात होते तेव्हा तेवढी पोस्टमनच्या हातची आली. पण आता तर ते सुटून आले होते, दिवाळीपासून पुन्हा त्यांचंच अक्षर येत होतं... आणि त्या दिवशी पुन्हा पोस्टमनचं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये खोक्यांवर नावं रंगवत होतो. पाकीट खिशात घातलं आणि सुट्टी होईपर्यंत खोकी रंगवत राहिलो. फोडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कोण गेलं? आणि मी काय सांगणार होतो? ज्या माणसाने कोर्टाच्या पायऱ्यांवर मला ओळखत नाही म्हणून सांगितलं, तो माझा कोण होता?

आमचं गाव शेवगावच्या पुढं, कोरड्या अंगाला. गुरुजी तिथल्या शाळेत मुख्याध्यापक होते, म्हणजे शाळेत शिक्षक दोन, त्यातले थोरले. बाहेरगावचे, एकटे. शाळेमागच्या खोलीत राहायचे. मी सहावीत शाळा सोडली. गुरुजी मारकुटे होते म्हणून नव्हे, घरी हात कमी पडत होते म्हणून. गुरुजी तेव्हा दोनदा घरी येऊन गेले. तिसऱ्यांदा वाटेत भेटले तर म्हणाले, “जा गड्या, पण वाचायचं सोडू नकोस. दुकानातला पुडीचा कागद तरी वाचून मग फेकत जा.” तो नाद मला खरोखरच लागला.

पुढं दुष्काळाचं पहिलं वर्ष आलं, तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. तिकडं मध्य प्रदेशात आमच्या गावचा एक माणूस कारखान्यात होता. त्यानं कळवलं, स्टोअरमध्ये जागा आहे, पण सातवी पास पाहिजे, दाखला घेऊन या. मी गुरुजींकडं गेलो. मागायची हिंमत होईना. खोलीच्या दारात नुसता उभा राहिलो. तेच म्हणाले, “खडी फोडून हाताची काय दशा झालीय बघ. लेखणी धरता येईल का आता?” मग मी सांगितलं. ते उठले, शाळेचं कपाट उघडलं आणि दाखल्याचं बुक काढलं.

त्या बुकाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच झालं. शाळा सोडल्याच्या दाखल्याला दोन भाग असतात. उजवीकडचा फाडून विद्यार्थ्याला देतात. डावीकडचा, स्थळप्रत, शाळेच्या दप्तरात राहतो. दोन्हीकडं मजकूर एकच पाहिजे. गुरुजींनी उजवीकडं लिहिलं : सातवी उत्तीर्ण. आणि डावीकडं लिहिलं : सहावीतून शाळा सोडली. माझ्या डोळ्यांदेखत, एकाच टाकाने. मी म्हणालो, “गुरुजी, दोन्हीकडं वेगवेगळं झालं.” तर माझ्यावरच डाफरले, “मग? शाळेच्या दप्तरात खोटं लिहू काय?”

ही त्यांची चूक. दुसऱ्या कुणी केली नसती. ज्याला लबाडी करायची तो दोन्हीकडं सारखी करतो. गुरुजींना वाटलं, बाहेर जाणारा कागद आपल्या हातचा, त्याचं पाप आपलं. शाळेचं दप्तर मात्र शाळेचं, त्याला हात लावायचा नाही. असे दाखले त्यांनी तिघांना दिले. तिघंही खडी फोडणारे.

आबांनी एक शेळी घोडेगावच्या बाजारात नेऊन विकली, माझ्या गाडीभाड्यासाठी. पैसे घरात ठेवले तर दुष्काळात ते टिकायचे नाहीत, म्हणून त्यांनी ते गुरुजींजवळ ठेवायला दिले. निघायच्या दिवशी गुरुजींनी ते जसेच्या तसे माझ्या हातात ठेवले, वर रुमालात बांधून भाकरी दिली. म्हणाले, “दाखला आधी दिलाय, अभ्यास मागून करायचा. पोचलास की पत्ता कळव.”

मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण महिन्याभरात त्यांचं कार्ड आलं, त्यावर पाच प्रश्न. सातवीच्या पुस्तकातले. उत्तरं लिहून पाठवायची, ते लाल शाईने तपासून परत पाठवणार. पंधरा दिवसांनी पुढचे पाच. मी परक्या मुलखात, सगळीकडं हिंदी, खोलीत सहाजण, आणि मी आपला भिंतीशी तोंड करून कर्ता-कर्म लिहितोय. भंडारदऱ्याचं धरण कोणत्या नदीवर, तर मी लिहिलं मुळा. कागद परत आला : “प्रवरा! नगर जिल्ह्याचं मीठ खाल्लंस ना?” एकदा लिहिलं, “अक्षर असं काढतोस की मुंग्यांनी शाई पिऊन कागदावर ओकावी.” आणि एका कार्डावर, तारखेच्या खाली बारीक लाल अक्षरात, “गड्या, तुझा दाखला खोटा नाही. फक्त जरा आधी लिहिला गेलाय. तो खरा करणं तुझ्या हातात आहे.” ते कार्ड मी उशाला ठेवून झोपायचो.

मग बाकी दोघांपैकी एकाने कुठल्याशा भरतीसाठी दाखला दिला. पडताळणीला कागद शाळेत आला. वरून साहेब आले, दाखल्याचं बुक उघडलं आणि उजवं डाव्याशेजारी ठेवलं. त्यांना दुसरं काही करावंच लागलं नाही. दोन दाखले हाती लागले. तिसरा, माझा, सापडेना. मी कुठं आहे ते गुरुजींनी सांगितलं नाही, आबांनाही सांगू दिलं नाही. “पत्ता ठाऊक नाही,” एवढंच म्हणत राहिले. पंधरा दिवसांआड मला कार्ड टाकणारा माणूस. त्यानंतर मात्र कार्ड बंद झालं. आबांच्या पत्राच्या शेवटी, आबांच्याच नावाने, पाच प्रश्न येऊ लागले. आमच्या आबांनी आयुष्यात लसावि काढायला सांगितला नसेल, पण पत्रात ते सांगत होते.

शेळीचे पैसे गुरुजींकडं गेल्याचं गावातून पोलिसांच्या कानावर गेलं होतं, म्हणून तालुक्याच्या कोर्टात आबांची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, दाखल्याच्या सुमारास शेळी विकली का? आबा म्हणाले, व्हय. पैसे गुरुजींच्या हातात दिले का? व्हय. झालं, बसा. आबा मला नंतर म्हणाले, “म्या खरंच बोल्लो रं. पन पुढचं कुनी इचारलंच न्हाई.” गुरुजींच्या वकिलाने उलट काही विचारलं नाही, कारण पुढचं विचारलं असतं तर पैसे कुणाला परत दिले, तो कुठं गेला, हे आलं असतं, आणि ते विचारायचं नाही अशी गुरुजींची सक्त ताकीद होती. फसवणूक आणि खोटा दस्तऐवज. वर शेळीचे पैसे खाल्ले म्हणून दया नाही. सहा महिने सक्तमजुरी.

गुरुजींनी अपील केलं ते सुटायला म्हणून नव्हे, असं मला आता वाटतं. त्यांना तो शेळीचा डाग पुसायचा होता. तोवर ते जामिनावर होते. नगरला वरच्या कोर्टात तारीख लागली, तशी मी मावशी आजारी आहे म्हणून रजा टाकली आणि आलो. सोबत ती सगळी कार्डं, लाल शाईचे सगळे कागद, फडक्यात बांधून. माझी समजूत अशी की हे बघितल्यावर कोणता जज्ज या माणसाला लबाड म्हणेल?

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली वकीलसाहेबांना गाठलं. त्यांनी चार-पाच कार्डं वाचली. एकदा हसलेसुद्धा, मुंग्यांच्या कार्डावर बहुतेक. मग ते आधी-लिहिला-गेलाय वालं कार्ड आलं आणि त्यांनी गठ्ठा मिटला.

“हे कुणाला दाखवलंस?”

“नाही साहेब.”

“दाखवूही नकोस. अरे, घाईगर्दीत चूक झाली, एवढाच एक मुद्दा आहे माझ्याकडं. हा तर त्यांचा कबुलीजबाब आहे. तोही लाल शाईत!”

मी म्हणालो, मग शेळीचं सांगतो, पैसे मला परत मिळाले. ते म्हणाले, अपिलात नवा साक्षीदार सहसा घेत नाहीत, अर्ज करून बघता येईल. पण घेतलाच, तर सरकारी वकील पहिला प्रश्न विचारतील, सातवी पास झालास का? दुसरा विचारतील, नोकरी कुठं करतोस? “उत्तर आहे का?” नोकरी माझ्या एकट्याची नव्हती. गावी आबा, आई, दोन बहिणी त्या मनिऑर्डरीवर होत्या.

तरीपण वकीलसाहेब उठले, मला घेऊन पायऱ्यांकडं गेले. तिथं गुरुजी बसले होते, धुतलेली टोपी घालून, शेजारी आबा. “गुरुजी, शेळीचा साक्षीदार आलाय. जोखीम आहे. करायचा अर्ज?”

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातल्या फडक्याकडं पाहिलं. चांगलं न्याहाळून पाहिलं, जसं फळ्याजवळ उभं करून पाहायचे. आणि म्हणाले, “हा कोण? मी नाही ओळखत.”

“अहो, तुमचं नाव सांगतोय.”

“दुष्काळात शेळ्या पुष्कळांनी विकल्या. असेल कुणी.”

आबा गहिवरून काहीतरी बोलायला गेले, “गुरुजी, आवो ह्यो तर आपला...” तर गुरुजी त्यांच्या मांडीवर थापटून म्हणाले, “आबा, गप बसा. मागं एकदा खरं बोललात तेवढं पुरे झालं.”

मी दोन पावलं पुढं टाकली असती तर झालं असतं. नाव सांगितलं असतं, गाव सांगितलं असतं. नाही टाकली. आणि लिहायचंच तर सगळं लिहितो... गुरुजी “नाही ओळखत” म्हणाले त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं. त्या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

आत मी मागच्या बाकावर बसलो. आमच्या वकिलांनी सांगितलं, एका खोलीत चार वर्ग, दुष्काळ, गडबड, लिहिण्यात चूक झाली. सरकारी वकील म्हणाले, चूक एकदा होते. दोनदा अगदी तशीच, आणि दोन्ही वेळा उजवीकडंच? जज्जसाहेबांनी बुक मागवून घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग चष्म्यावरून गुरुजींकडं पाहून म्हणाले, “डावीकडची नोंद खरी आहे, म्हणजे खरं काय ते तुम्हाला माहीत होतं.” गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, “होय साहेब, माहीत होतं.” वकिलांनी कपाळाला हात लावला. दुपारी निकाल झाला. अपील फेटाळलं, शिक्षा कायम. शेळीचा उल्लेख निकालातही राहिला.

शिपाई त्यांना घेऊन निघाले तेव्हा मी व्हरांड्यात खांबाशी होतो. ते माझ्याकडं न बघता थांबले आणि आबांना म्हणाले, जरा मोठ्यानेच, “आबा, तुमच्या परगावच्या पोराला कळवा. दाटी करून लिहितो तो. समास सोडत जा म्हणावं, लाल शाईला जागा लागते.”

सुटून आले ते खंगूनच. नोकरी गेलेलीच होती, शाळेमागची खोलीही गेली. आबांनी आमच्या गोठ्याशेजारची पडवी सारवून दिली, तिथं राहिले. गावात कुणी टाकून बोललं नाही, पण पत्र वाचून घ्यायलासुद्धा कुणी मुलांना त्यांच्याकडं पाठवेना. शेळी खाल्लेला मास्तर. ज्या घराच्या शेळीवरून ते नाव पडलं, त्याच घरात राहायचे, पण आबा गावाला सांगू लागले की तेच आबांना अडवायचे, “पोराचं नाव निघेल.” अभ्यास मात्र पुन्हा सुरू झाला. त्यांच्या मनात होतं, मी बाहेरून सातवीला बसावं आणि दाखला खरा करून टाकावा. चौकशी केली तेव्हा कळलं, कागदावर जो पास आहे त्याला पुन्हा बसता येत नाही. बसायचं तर आधी तो कागद खोटा आहे असं लिहून द्यावं लागेल. हे त्यांनी मला आबांच्या नावाने कळवलं आणि खाली नेहमीसारखे पाच प्रश्न घातले. आता त्या प्रश्नांचा कुणालाच काही उपयोग नव्हता. तरी ते विचारत राहिले, मी लिहीत राहिलो.

पोस्टमनच्या अक्षरातल्या त्या पत्रासोबत आबांनी माझाच एक कागद घडी करून पाठवलाय. शेवटच्या पाच प्रश्नांची उत्तरं. गुरुजींच्या उशाशी होता. समास नीट सोडलेला आहे, दोन बोटं. पहिल्या उत्तरासमोर लाल शाईची बरोबरची खूण आहे. दुसऱ्यासमोर नुसता ठिपका, टाक टेकवून राहून गेल्यासारखा. बाकी कोरा.

गावी गेलो नाही. रजेला कारण काय लिहू? हे ज्या वर्तमानपत्राला पाठवतोय, त्याच्या पुरवणीच्या संपादकांना विनंती केली आहे की माझं नाव छापू नये. लोक म्हणतील, भित्रा. म्हणोत. गुरुजींनी मला ओळखत नाही म्हणून सांगितलं, आणि त्यासाठी त्यांनी जे भोगलं, ते मी आता कुठल्या तोंडाने मोडू? त्यांची ती स्थळप्रत कोर्टाच्या दप्तरात कुठंतरी पडली असेल. तिच्यावर माझं खरं आहे. सहावी. माझ्यापाशी आहे तो हा अर्धा तपासलेला कागद. आणि एक सवय. हे लिहितानाही प्रत्येक पानाला डावीकडं दोन बोटं जागा सोडली आहे... लिहून झाल्यावर मघाशी सगळी पानं पुन्हा चाळली. कितीतरी ठिकाणी चुका असतील. समास तसाच पांढरा आहे.