पहिल्या खेपेतली माणसं

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. ओठांत सदानकदा दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं थोडकं, आणि जे बोलेल ते टोचणारं. दुकान एवढंसं. एक मशीन, एक उभा आरसा, गिऱ्हाइकाला उभं करायला बुटकं स्टूल, आणि पडद्यामागे राहायची खोली. नवे कपडे ती क्वचितच शिवायची. तयार कपडा आत घेणं, सैल करणं, लांबी उचलणं हाच धंदा. लोक जाड होतात, बारीक होतात, पण कपड्यावरचा जीव सुटत नाही, म्हणून माझं चाललंय, असं ती म्हणायची.

याच खोलीत तिनं भाची वाढवली. भावाची बायको गेली तेव्हा पोर अजून बोबडं बोलत होती. भाऊ नोकरीच्या निमित्तानं दुसऱ्या शहरात गेला, तिकडे दुसरा संसार थाटला आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकत बसला. तिला चांगल्या शाळेत घाल, पोहायला पाठव, फार रागावू नकोस. घालणारी, पाठवणारी आणि रागावणारी ही एकटी. नव्या वहिनीशी तिचा छत्तीसचा आकडा. पहिल्याच भेटीत टाचणीबाईनं विचारलं होतं, नवरा घेतलात, त्याची पोर का नाही घेतलीत? ते त्या बाईनं कधी विसरायचं? आणि का विसरावं म्हणा.

तर भाची मोठी झाली, मुलांना पोहायला शिकवायला लागली, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली आणि तिचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे काय, मुलगा ठरला. बाकी सगळं अधांतरी. मुलाच्या बदलीचा हुकूम आज येतो की उद्या कुणाला ठाऊक नाही. बदली लवकर झाली तर घाईनं छोटं लग्न, लांबली तर मोठा हॉल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

एका रविवारी पोर येऊन स्टुलावर बसली. तिनं फोनवर निमंत्रणाचं पान बनवलं होतं. पाहुण्यानं ते उघडायचं आणि ‘येणार’ नाहीतर ‘येणार नाही’ यावर बोट ठेवायचं. प्रश्न एवढाच की ते पाठवायचं कधी. आत्ताच उघडलं आणि तारीख हलली तर सगळ्या गावाची माफी मागत फिरावं लागणार. उशीर केला तर लोक दुसरीकडे शब्द देऊन मोकळे होणार.

टाचणीबाईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, म्हणजे विषय गंभीर. ती म्हणाली, माप पक्कं नसलं की मी आधी कच्चा दोरा घालते, मशीन मागाहून. तू तेच कर. “ज्यांच्याशिवाय लग्न होऊच शकत नाही, त्यांना आधी विचार. त्यांचं कळलं की तारीख पक्की कर. मग उघड बाकीच्यांना.”

पोरीनं तिला मिठी मारली. आत्या, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे, म्हणाली. बाई आठवडाभर त्या मिठीवर खूष होती.

लग्नाचा पोशाख तीच शिवणार हे तर न सांगता ठरलेलं. मोतिया रंगाचं रेशीम आणलं, कंबरेची शिवण कच्ची ठेवली. स्वतःसाठी निळं कापड घेतलं. जन्मात स्वतःसाठी इतकं भारी कापड तिनं घेतलं नव्हतं. तारखेचा भरवसा नाही म्हणून लांबच्या मुदतीची कामं आणणारी गिऱ्हाइकं हसत परत पाठवली. मधून मधून फोन करून विचारायची, उघडलं का गं ते पान? उत्तर ठरलेलं. नाही गं आत्या, अजून काहीच ठरत नाही, ठरलं की पहिलं तुलाच कळवीन. पोरीचा शब्द तो. तिनं त्यावर शंका घेतली असती तर स्वतःचीच लाज वाटली असती.

मग एक नवीन बाई दुकानात आली. ठेंगणी, बोलघेवडी, हातात लांब झगा. लांबी उचलून हवी होती, आणि लवकर हवी होती, कारण एक लग्न होतं. भाडेकरूचं. पोहायला शिकवते, फार गुणी मुलगी, होणाऱ्या नवऱ्याच्या बदलीपायी बिचारीचा नुसता गोंधळ. हॉल नाहीच मिळाला तर माझ्याच अंगणात मांडव, म्हणून मला आधी विचारलं.

टाचणीबाई गुडघ्यांवर बसून काठ दुमडत होती. हात थांबले.

“मी कधीच ‘येणार’ केलं,” बाई वरून सांगत होती. “सगळ्यांना अजून नाही हो उघडलेलं. ज्यांच्याशिवाय लग्न होऊच शकत नाही ना, तेवढ्यांनाच.”

तिचंच वाक्य, अक्षरन् अक्षर, परक्या तोंडून तिच्या डोक्यावर येऊन पडलं. मी तिची आत्या, हे तिला सांगवेना. सांगून काय, तुमच्यानंतरची मी, असं म्हणायचं? तिनं मुकाट काठ दुमडला आणि तो एका बाजूला वर गेला. आयुष्यात असं काम तिच्या हातून झालं नव्हतं. बाई गेल्यावर तिनं सगळी टीप उसवली आणि पुन्हा घातली. रडू आलं नाही. संताप आला, आणि तो पोरीपेक्षा स्वतःचाच जास्त आला. इतकी वर्षं मी स्वतःला पहिल्या खेपेत धरून चालले होते, कुणी सांगितलं होतं मला?

रविवारी भाची पोशाख घालून बघायला आली. स्टुलावर उभी राहिली. काय सुंदर दिसत होती, आणि तेच जास्त लागलं. टाचणीबाईनं आडपडदा ठेवला नाही. तुझी घरमालकीण येऊन गेली, म्हणाली. तिला उत्तर मागितलंस, मला नाही.

पोरीचा चेहरा उतरला. मग हळूहळू बाहेर आलं. बाबांची अट आहे, ती म्हणाली. तू आलीस तर आई यायच्या नाहीत. आत्याला कळायला क्षणभर वेळ लागला की आई म्हणजे वहिनी. ही हाक कधीपासून सुरू झाली होती, देव जाणे.

“लग्नात आपल्या बाजूला एकच मोठी बाई बसणार. त्यांना आधी विचारलंय. त्या नाही म्हणाल्या की तुलाच बसवणार होते, आत्या. खरंच.”

“आणि मला खोटं का सांगत होतीस?”

“तू काय, कधीही बोलावलं तरी येशील, हे माहीत होतं ना.”

ते खरं होतं. म्हणून तर ते केसानं गळा कापल्यासारखं लागलं. टाचणीबाई कंबरेची शिवण पुरी टाचून उठली. पोशाख आठवड्यात तयार होईल, म्हणाली, न्यायला कुणाला तरी पाठव.

“आणि माझ्या वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, कळव. जागा मोकळी आहे. मी येणार नाही.”

पोर रडायला लागली. आत्या, असं नको ना करूस, म्हणाली. स्टुलावरून उतरून तिनं आत्याचा हात धरला, आणि टाचणीबाईला वाटलं, आता ही म्हणेल, तूच ये, त्या नाही आल्या तरी चालतील. तेवढं म्हणाली असती तर ती निळं कापड घेऊन तेव्हाच मशीनवर बसली असती. तिनं वाट पाहिली.

पोरीनं डोळे पुसले आणि विचारलं, “पण त्या नाही आल्या, तर मग येशील?”

टाचणीबाईनं हात सोडवून घेतला आणि कपडे बदलायला पडदा बाजूला धरून दिला.