कव्हरातला लाल बाटला

नानांच्या घरात कव्हर न घातलेल्या गोष्टी दोनच. एक स्वतः नाना आणि दुसऱ्या काकू. बाकी टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा काकूंनी परकर शिवला होता, खाली लेस लावून. शांती नगरात आमचं दार त्यांच्या दारासमोर, त्यामुळे हे सगळं मी रोज बघायची. गिरगावातल्या एका खोलीतून निघून मीरा रोडला आलेली ती दोघं. स्वतःच्या म्हणाव्यात अशा वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच घरात येत होत्या, त्या जपायच्या नाहीत तर काय करायचं? मला हसू यायचं खरं, पण माझ्या लग्नातला मिक्सर वर्षभरात मोडला आणि त्यांचा अजून कोरा होता.

रिटायर झाल्यावर नानांनी सेकंडहँड गाडी घेतली. तिला अर्थातच कव्हर आलं, वाऱ्याने उडू नये म्हणून खालून दोऱ्या बांधलेलं. आणि गाडीबरोबर आला आग विझवायचा छोटा लाल बाटला. घोडबंदरच्या रस्त्यावर नानांनी एकदा एक गाडी जळताना पाहिली होती. "गाडीवाला नुसता डोकं धरून उभा होता गं," ते सांगायचे. "आपलीच गाडी, आणि आपल्याला काही करता येऊ नये म्हणजे काय?" हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मलाही तो माणूस दिसायला लागला होता.

रविवारी सकाळी बाटल्याची सेवा चाले. जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून नाना तो माझ्यापुढे धरत. "दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघ. तुझे डोळे तरुण आहेत." मी म्हणायची, "आहे हो नाना, गेल्या रविवारीपण होता." मग ते बाटला उलटा करत आणि बाळाला ढेकर काढायला थोपटावं तसं त्याच्या बुडावर थोपटत बसत. "गाडीच्या हादऱ्यांनी आतली पावडर खाली बसते. बसली की ऐन वेळी नुसती हवा येते," हे त्यांचं उत्तर तयार असायचं. मधूनमधून खालच्या वाण्याकडे जाऊन त्याचं वजनही करून आणत, वजन घटलं तर आतून गळतंय म्हणून. वाणी तराजूवर बाटला ठेवून म्हणायचा, "नाना, इसका वजन तो वही है, आपका कम हो रहा है." नाना हसायचे, पण आकडा स्वतः वाकून बघायचे.

दुकानदाराने बाटल्याबरोबर एक पत्र्याचा पट्टा दिला होता, ड्रायव्हरच्या सीटपाशी बाटला बसवायला. नानांनी तो लावलाच नाही. "तिथे पाय लागतो," ते म्हणाले. "दसऱ्याला आपण हळदकुंकू वाहतो त्याला. आणि येता-जाता लाथ मारायची?" मग काकूंनी मखमलीचं कव्हर शिवलं, त्यावर मोगऱ्याची फुलं भरली, तोंडाशी नाडी ओवली. आत दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची पिशवी तशीच, न फाडता, पुसणं-थोपटणं सगळं तिच्यावरूनच. असा सजवलेला बाटला लाकडी खोक्यात आणि खोकं डिकीत, म्हणजे ऊनही नको आणि चोरही नको. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आम्ही सगळे तसेच होतो की.

शाळेच्या मुलांना नेणाऱ्या व्हॅनवाल्यांवर मात्र नानांचा डोळा असे. "तुझ्या गाडीत आहे का रे?" हा प्रश्न ठरलेला. आमच्या बिल्डिंगच्या मुलांना नेणारा हरेश इथल्याच किनाऱ्यावरच्या डोंगरी गावचा. घरची मच्छीमारी सोडून त्याने ही व्हॅन घेतली होती आणि तिच्यावर घर चालवत होता. तो मान खाली घालून म्हणायचा, "घ्यायचाय काका, घेतो." त्या सगळ्या व्हॅनवाल्यांत मिळून एकच बाटला होता. ज्याची गाडी आरटीओत पासिंगला जायची त्याच्याकडे तो जायचा आणि काम झालं की दुसऱ्याकडे.

त्या दिवशी सकाळी हरेशची व्हॅन गेटपाशी उभी होती. मुलं दप्तरं घेऊन जिन्यात होती, गाडीत कोणी नव्हतं, देवाची कृपा. सीटखालून धूर यायला लागला. अशा व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं. हरेश ओरडला आणि नाना आपल्या गाडीकडे धावले. "सगळे लांब व्हा, माझ्याकडे आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. इतकी वर्षं केलेल्या तयारीचा दिवस आला होता आणि मलाही वाटलं, चला, नाना आहेत.

आधी गाडीच्या कव्हराच्या दोऱ्या. मग डिकी. मग खोकं. मग ती नाडी. सुटू नये म्हणून काकू दर रविवारी तिला निरगाठ मारत आणि पुढच्या रविवारी सुई घेऊन निवांत सोडवत. नाना नखांनी सोडवत होते, मग दातांनी. मी ब्लेड शोधायला वर पळाले आणि रिकाम्या हाताने परत आले. तोवर व्हॅनच्या पुढच्या भागाने पेट घेतला होता. वॉचमन आणि हरेश शेजारच्या बांधकामावरची रेती घमेल्याने टाकत होते. शेवटी नानांनी कव्हर टराटरा फाडलं, पिशवी फाडली, पिन ओढली आणि दाबलं. बाटला उत्तम चालला. पांढरी पावडर फवाऱ्यासारखी उडाली आणि उरलेली आग विझली. पण वाचवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. काळ्या सांगाड्यावर पांढरी पावडर बसली होती आणि नानांच्या खांद्यावर मोगऱ्याची फुलं भरलेलं मखमल लोंबत होतं. गर्दीतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काही जण हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण ती माणसं परकी नव्हती, आमच्याच जिन्यातली होती.

नाना आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. पुढे पडले तेव्हा मागच्या गेटाने. एकदा मी डबा द्यायला गेले तर घर उघडंबोडकं झालेलं. टीव्ही, मिक्सर, रिमोट, सगळ्यांची कव्हरं गायब. काकू म्हणाल्या, "धुवायला काढलीत." मग स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, "निरगाठ मी मारली होती गं." बाहेर आले तर नानाही मला हळूच म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही. पाय लागतो म्हणणारा मी." दोघंही दुसऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलत होते. माझा तर पायच निघेना.

हरेश काही महिने दुसऱ्याची रिक्षा चालवत होता. मग कर्ज काढून त्याने जुनी व्हॅन घेतली. पेढे मात्र माझ्या हातात ठेवून गेला. "समोर काकांना द्या." मी म्हटलं, अरे, दार समोरच आहे, तूच दे. तो जिना उतरूनसुद्धा गेला होता. नानांनी बॉक्स हातात घेतला आणि बराच वेळ उघडला नाही. "बघ, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही त्याला," ते म्हणाले. "बरोबर आहे. मोठमोठ्या बाता मारल्या आणि त्याची भाकरी जाळली." मी समजूत घातली, पण त्यांच्यापर्यंत पोचली नाही. हरेशची व्हॅन दिसली की ते वाण्याच्या दुकानात शिरत, आणि हरेशही गाडी गेटाऐवजी कोपऱ्यावर उभी करायला लागला होता.

पुढच्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. हृदय. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी हरेश आला. चपला काढून दारातच उभा राहिला, आत येईना. काकूंनी हाताला धरून त्याला खुर्चीवर बसवलं.

"हरेश, त्यांना माफ कर बाबा," काकू म्हणाल्या. "तुझी गाडी गेली ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. तू त्यांच्यावर चिडलायस हेच डोक्यात घेऊन गेले."

हरेशने एकदम मान वर केली. "मी चिडलोय?" तो म्हणाला. "काकू, मना वाटलं काकाच माझ्यावर रागवलेत. इतक्यांदा सांगितलं त्यांनी, आन मी बाटला घेतला न्हाय. गाडी माझी, चूक माझी. कोणच्या तोंडानं येऊ त्यांच्याम्होरं?"

"अरे, मग एकदा दार वाजवायचं होतंस ना."

"लाज वाटायची, काकू."

काकूंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "त्यांनाही तीच वाटायची रे."